अकरा गाड्या आणि एक अक्षर

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरी मेकम ह्या लिलावसंस्थेच्या विक्रीत उघड्या टपाची एक निळी मोटार ३५ लाख डॉलरांना गेली. ती १९७१ सालची प्लिमथ हेमी कूडा होती; कापडी छत मागे दुमडता येणारी, हाताने गिअर बदलायची. नवी असताना अशा गाडीची किंमत काही हजार डॉलर होती, आणि ते प्रसिद्ध हेमी इंजिन हवे असेल तर ग्राहकाला त्यासाठी सुमारे ९०० डॉलर जादा मोजावे लागत. त्या वर्षी ह्या इंजिनासह उघड्या टपाच्या गाड्या बनल्या सगळ्या मिळून ११. सात वर्षांनी, मे २०२१ मध्ये, ह्याच जातीची एक गाडी इंडियानापोलिसच्या लिलावात उभी राहिली. बोली ४८ लाख डॉलरांपर्यंत चढली, आणि तरीही गाडी विकली गेली नाही. मालकाने मनाशी धरलेली राखीव किंमत त्याहूनही वरची होती.

अशा बातम्या आपली वर्तमानपत्रे आतल्या पानावर, नवलाईच्या चौकटीत छापतात. वाचक श्रीमंतांच्या चोचल्यांना दोन शब्द ऐकवतो आणि पान उलटतो. साहित्याच्या शिक्षकाने मात्र इतक्या लवकर पान उलटू नये असे मला वाटते. ह्या लिलावांत जे तपासले जाते, ज्यावरून भांडणे होतात आणि ज्यासाठी अखेर पैसा मोजला जातो, ते पाहू लागलो की ओळखीचे वाटू लागते. मूळ प्रत कोणती, नक्कल कोणती. ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली. अस्सल काय, प्रक्षिप्त काय. आणि एखाद्या वस्तूला कथा चिकटते ती कशी. हे तर आमचे प्रश्न. लोखंडाच्या बाजारात ते पुष्कळदा आमच्यापेक्षा काटेकोरपणे विचारले जातात, हे कबूल करायला हरकत नाही. माझी तक्रार निराळी आहे. हे सारे वाचन एका ठरावीक अक्षरापाशी येऊन थांबते. त्या अक्षराकडे जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी.

मसल कार म्हणजे काय? मध्यम आकाराची, चारचौघींसारखी दिसणारी घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या, बोजड गाडीसाठी बनवलेले इंजिन बसवायचे. बस्स, एवढीच कृती. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाने टेम्पेस्ट ह्या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन घालून जीटीओ विकायला काढली, आणि बहुतेक इतिहासकार ह्या जातीचा आरंभ तिथून धरतात. मध्यम गाडीला ३३० घनइंचांहून मोठे इंजिन देऊ नये असा कंपनीचाच नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीटीओला स्वतंत्र गाडी म्हणून न दाखवता टेम्पेस्टच्या यादीतील 'जादा सोय' म्हणून घुसवले आणि नियमाला बगल दिली. नाव फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचललेले. (आमच्या क्षेत्रात ह्याला वाङ्मयचौर्य म्हणतात, त्यांच्या क्षेत्रात जाहिरात.)

ह्या गाड्यांचा ग्राहक कोण, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचा मुद्दा उमगणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा नुकती कमावती होत होती. कारखान्यात किंवा गॅरेजात काम करणारा, हप्त्यांवर गाडी घेणारा विशीतला तरुण हा तो ग्राहक. १९६८ साली आलेली प्लिमथ रोडरनर २,९०० डॉलरांच्या आत मिळे. तिच्यात चैनीचे काही नव्हते, होते ते इंजिन. व्यंगपटातल्या ज्या पक्ष्याचे नाव तिला दिले त्याचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडून ५०,००० डॉलरांना घेतलेले, आणि भोंगाही त्या पक्ष्यासारखाच ओरडणारा. गंभीर अभिरुचीच्या माणसाने नाक मुरडावे असाच हा सगळा प्रकार. तो टिकलाही थोडा काळ. विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या ह्या गाड्यांवर जबर हप्ते लावले, १९७० च्या कायद्याने धुराड्यांवर बंधने आणली, इंजिनांची ताकद उतरवावी लागली. १९७३ च्या तेलसंकटापर्यंत खेळ जवळजवळ आटोपलेलाच होता.

आता दुर्मीळतेकडे येऊ. १९७१ मध्ये हेमी इंजिनाच्या उघड्या कूडा अकराच का बनल्या? कुणी रसिकाने ठरवून मर्यादित आवृत्ती काढली होती म्हणून? मुळीच नाही. त्या कुणाला नको होत्या. इंजिन महाग, पेट्रोल पिणारे, विमा परवडत नाही, आणि उघड्या टपाची हौस ओसरत चाललेली. अकरा हा आकडा निवडीचा नाही, नकाराचा आहे.

शेव्हरोलेची १९६९ सालची कॅमारो झेडएल-१ घ्या. सगळे इंजिन ॲल्युमिनियमचे, शर्यतीसाठी घडवलेले. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प नावाच्या लहानशा गावात फ्रेड गिब नावाचे विक्रेते होते; त्यांनी मोठ्या उत्साहाने अशा ५० गाड्या मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा प्रत्येकीची किंमत ७,२०० डॉलरांवर गेलेली, म्हणजे साध्या कॅमारोच्या दुपटीहून अधिक. गावात त्या घेणार कोण? बहुसंख्य गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या आणि दुसऱ्या विक्रेत्यांच्या गळ्यात बांधाव्या लागल्या. अशा एकूण ६९ बनल्या. पुढे लिलावांत ह्याच गाड्यांच्या किमती दहा लाख डॉलरांच्या आसपास जाऊ लागल्या. किंवा प्लिमथची १९७० सालची सुपरबर्ड: टोकदार नाक, मागे उंचच उंच पंख, शर्यतीच्या नियमांपोटी रस्त्यावर विकावी लागलेली, दोनएक हजारांच्या घरात बनलेली. ती विक्रेत्यांच्या आवारात इतकी पडून राहिली की काहींनी तिचे नाक आणि पंख उतरवून तिची साधी रोडरनर केली आणि कशीबशी खपवली. मे २०२२ मध्ये हेमी इंजिनाची एक सुपरबर्ड १६ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. तिचा पंख जागेवर होता, हे सांगणे नलगे.

उपेक्षेनंतर गौरव ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्याला नवी नाही. मेल्व्हिलची 'मोबी डिक' १८५१ साली आली आणि फारशी खपली नाही. १८५३ मध्ये प्रकाशकाकडे लागलेल्या आगीत तिच्या उरलेल्या प्रतीही जळल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती नव्याने वाचली गेली आणि अमेरिकी कादंबरीच्या मध्यभागी येऊन बसली. मग हेमी कूडाचे वेगळे काय? वेगळे असे की 'मोबी डिक' पुन्हा वाचली गेली म्हणून मोठी ठरली, दुर्मीळ होती म्हणून नव्हे. तिच्या लाखो स्वस्त प्रती निघाल्या आणि तिच्या थोरवीला ओरखडाही उमटला नाही. उद्या एखाद्या जुन्या गोदामात १९७१ च्या आणखी शंभर उघड्या हेमी कूडा सापडल्या तर? गाडी तीच, इंजिन तेच, वेग तोच. पण त्या ३५ लाखांचे काय होईल ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. ज्या गुणाची किंमत त्याच गुणाच्या वाढीने कोसळते, त्याला मूल्य म्हणावे काय? माझ्या मते, नाही. किंमत म्हणावे. मराठीत हे दोन शब्द आपण फार ढिलाईने वापरतो.

अर्थात अकराच आहेत हे सिद्ध कोण करतो? इथे ह्या बाजारातले सर्वांत रंजक प्रकरण सुरू होते. प्रत्येक गाडीच्या अंगावर कारखान्याने एक क्रमांक कोरलेला असतो, आणि तो नुसता क्रमांक नसतो, ते वाक्य असते. अकरा हेमी कूडांचा क्रमांक 'बी एस २७ आर १ बी' असा सुरू होतो. पहिला बी म्हणजे बाराकूडा घराणे. एस म्हणजे त्या घराण्यातली विशेष श्रेणी. २७ म्हणजे उघडे टप. आर म्हणजे ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन. १ म्हणजे १९७१. शेवटच्या बीकडे नंतर येतो. पुढे गाडीचा स्वतःचा अनुक्रमांक. इंजिनावर आणि गिअरपेटीवर कोरलेले आकडे गाडीच्या क्रमांकाशी जुळले तर ती अस्सल. इंजिन मधल्या काळात बदललेले निघाले तर किंमत घसरते, नवे इंजिन जुन्याहून शतपटीने चांगले असले तरी.

त्याखेरीज बॉनेटखाली स्क्रूने बसवलेली पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर रंग, आसने, गिअर अशी सगळी सांकेतिक अक्षरे. आणि सर्वांत मौल्यवान म्हणजे एक कागद. कारखान्यात गाडी पुढे सरकत असताना कोणता भाग बसवायचा हे कामगाराला कळावे म्हणून छापलेला तक्ता. जाणकार त्याला 'बिल्ड शीट' म्हणतात. काम झाले की त्याचा उपयोग संपे. तो मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली, कुठेतरी राहून जाई. आज गाडी उघडून दुरुस्त करणारे लोक ह्या कागदाचा शोध पोथीच्या गळालेल्या पानासारखा घेतात. उंदरांनी कुरतडलेला, तेलाने माखलेला असा तक्ता हाती लागला तर तो चिमट्याने सोडवून काचेत बसवतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ इतका काळ चालले. पाठभेद नोंदवण्याची ती शिस्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाचनाचे वेड परके वाटू नये. फरक एवढाच की तिथे खोटा पाठ घुसवून कुणाला दहा लाख मिळणार नव्हते. इथे मिळतात, आणि म्हणून बनावट पट्ट्या, खरवडून पुन्हा कोरलेले क्रमांक ह्यांचाही एक धंदा आहे.

दरम्यान, ज्यांना गाडी चालवायचीच आहे त्यांची सोय झालेली आहे. १९६९ च्या कॅमारोचा किंवा जुन्या मस्टँगचा आख्खा पत्र्याचा सांगाडा आज नवाकोरा मिळतो. त्यात नवे इंजिन घातले की डोळ्यांना तीच, कानांना तीच, आणि ब्रेक मात्र लागणारे. अशा गाडीला बाजार 'क्लोन' म्हणतो, जरा सौम्यपणे बोलायचे तर 'ट्रिब्यूट'. तिची किंमत अस्सल गाडीच्या एका लहान अंशाइतकी. वॉल्टर बेंयामिनने १९३५-३६ च्या सुमारास यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय विझते असे मांडले होते. त्याला हे दृश्य दाखवायला हवे होते: असेंब्ली लाइनवर निघालेल्या वस्तूभोवती, तिच्या हुबेहूब प्रती निघू लागल्यावर, तेजोवलय तयार झाले आहे.

एका गाडीबाबत मात्र माझा पवित्रा मला सैल करावा लागतो. ती म्हणजे १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गर्द हिरवी फोर्ड मस्टँग. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो पाठलाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चित्रीकरणात दोन गाड्या होत्या. उड्या मारून खिळखिळी झालेली दुसरी पुढे मेक्सिकोत भंगारात सापडली, २०१७ मध्ये. पहिली १९७४ साली एका मासिकातली जाहिरात पाहून एका मध्यमवर्गीय माणसाने ६,००० डॉलरांना घेतली. त्याची पत्नी शिक्षिका होती. ती ही गाडी घेऊन शाळेत जाई. चित्रपटसृष्टीतली ती दंतकथा काही वर्षे शाळेच्या आवारात इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहत होती. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत विकत मागितली. मालकाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला, गाडी घरी उभी राहिली ती राहिलीच. जगाला ती पुन्हा दिसली २०१८ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे, त्या दिवंगत मालकाच्या मुलाच्या काळात, ती लिलावात आली. हातोडा ३४ लाखांवर पडला आणि लिलावसंस्थेचे शुल्क धरून किंमत ३७ लाख ४० हजार डॉलर झाली. त्याच वर्षी जुलैत शेल्बीच्या १९६५ सालच्या शर्यतीच्या मस्टँगने ३८ लाख ५० हजारांचा आकडा गाठून तिला मागे टाकले, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती हिरवीच.

ह्या गाडीवर नवा रंग चढवलेला नव्हता. पोचे होते, गंज होता, चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवताना जोडलेल्या पट्ट्यांच्या खुणा होत्या. म्हणजे एकदा तरी बाजाराने वापराला दाद दिली. वाङ्मयाची उपमा द्यायची तर ही कोरी पहिली आवृत्ती नव्हे, समासांत टिपणे लिहिलेली, पाने दुमडलेली प्रत होती. ह्या किमतीचा मला राग येत नाही. पण एक गोष्ट बोचतेच. शाळेत जाण्यामुळे जी कथा तयार झाली, ती कथा ३७ लाखांना विकली गेल्यावर कोणतीही शिक्षिका ती गाडी घेऊन शाळेत जाणार नाही. गाडीच्या आयुष्यात ह्यापुढे घडण्यासारखे उरले ते एकच, पुढचा लिलाव.

जाता जाता एक गोष्ट, खास साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' ह्या १९७४ च्या चित्रपटात आणि त्याच्या २००० सालच्या नव्या अवतारात 'एलेनॉर' ह्या नावाने ओळखली जाणारी मस्टँग आहे. तिच्या नकलांचा मोठा व्यापार झाला आणि त्यावरून खटलाही. प्रश्न असा: एलेनॉर ही साहित्यकृतीतल्या पात्रासारखी, स्वामित्वहक्काला पात्र अशी 'व्यक्तिरेखा' आहे काय? मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने उत्तर दिले की नाही. तिला सातत्याने टिकणारी अशी वैशिष्ट्ये नाहीत, रूप आणि रंगही चित्रपटागणिक बदलतात. गंमत म्हणजे २०१५ साली ह्याच न्यायालयाने बॅटमॅनच्या गाडीला व्यक्तिरेखेचा दर्जा दिला होता. व्यक्तिरेखा कशाला म्हणावे, सातत्याला की स्वभावाला, हा प्रश्न आम्ही वर्गात दोन तासिकांत उरकतो. तिथे तो वकिलांच्या फौजा लढवून सोडवला गेला. असो.

आता ते शेवटचे अक्षर. 'बी एस २७ आर १ बी' मधला अखेरचा बी म्हणजे कारखाना. डेट्रॉइट शहराने जवळजवळ चारी बाजूंनी वेढलेले हॅमट्रॅमिक नावाचे छोटे गाव आहे. तिथे क्रायस्लर कंपनीचा 'डॉज मेन' हा अवाढव्य कारखाना होता. कूडा तिथे जोडल्या जात. लिलावाच्या पुस्तिकेत पहिल्या बीवर परिच्छेद असतो, आरवर तर पान असते. शेवटचा बी कंसात उलगडला जातो: हॅमट्रॅमिक. पुढे पूर्णविराम.

त्या पूर्णविरामामागे काय आहे? मे १९६८ मध्ये, म्हणजे ह्या गाड्यांच्या ऐन बहरात, डॉज मेनमध्ये कामगारांनी संघटनेची परवानगी न घेता उत्स्फूर्त संप केला. कारण एकच: असेंब्ली लाइनचा वेग वाढवण्यात आला होता. तेवढ्याच वेळात अधिक गाड्या, तेवढ्याच हातांनी. संपात गोरे आणि काळे दोन्ही कामगार होते. शिक्षेचा भार मात्र काळ्या कामगारांवर अधिक पडला. त्यातून 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही काळ्या कामगारांची संघटना उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांचे 'ड्रम' असे नाव झाले. तिचा रोष कंपनीवर होता तसा प्रस्थापित कामगार संघटनेवरही होता: वर्णभेदावर, असुरक्षित यंत्रांवर, अवजड आणि घाणेरडे काम कुणाच्या वाट्याला येते ह्यावर. डॅन जॉर्जाकस आणि मार्व्हिन सर्किन ह्यांनी हा इतिहास 'डेट्रॉइट: आय डू माइंड डाइंग' ह्या १९७५ च्या पुस्तकात लिहिला. मसल कारवरची कितीतरी देखणी पुस्तके निघाली आहेत. त्यांच्या शेजारी हे पुस्तक कुणी ठेवत नाही.

वेग, हा ह्या गाड्यांच्या जाहिरातींचा मंत्र. चौकापासून चौकापर्यंत किती सेकंदांत? त्याच वेळी, त्याच गाड्या जिथे जुळत होत्या तिथे, वेग हाच गाऱ्हाण्याचा विषय होता. एका टोकाला जो शब्द तरुणाईचे स्वप्न म्हणून विकला जात होता, त्याचा दुसऱ्या टोकाचा अर्थ थकलेला खांदा आणि चुकलेला हात असा होता. शब्दाच्या दोन अर्थांमधले असे अंतर दाखवणे हे समीक्षेचे काम नव्हे काय?

इगोर कोपिटॉफ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ साली वस्तूंचेही चरित्र लिहिता येते असे मांडले. हा निबंध मुंबईत वाढलेल्या अर्जुन अप्पादुराई ह्यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' ह्या ग्रंथात आहे आणि आपल्या विद्यापीठांतून तो बराच वाचला जातो. वस्तू बाजारात जाते, बाजारातून बाहेर पडून एकमेव होते, पुन्हा बाजारात येते, असा तो प्रवास. लिलावाची पुस्तिका म्हणजे असे चरित्रच. पण ह्या चरित्राचा नायक जन्मतो कुठे? विक्रेत्याच्या दुकानात. पहिला मालक कोण, त्याने कोणता रंग निवडला, गाडी कोणत्या राज्यात राहिली, ह्याचे तपशील मुबलक. त्याआधीचे काहीच नाही. सीतेसारखी गाडी जमिनीतून निघते. आणि ज्या तक्त्याला काचेत बसवले जाते तो मुळात कुणाच्या हातातला कागद होता, हे विचारण्याची गरज कुणाला भासत नाही. तो मालकासाठी छापलेलाच नव्हता. तो वाचणारे पहिले वाचक लाइनवर उभे होते.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ह्या किमती नसत्या तर गाड्या भंगारात गेल्या असत्या. हौशी लोकांनी नोंदवह्या ठेवल्या नसत्या. क्रमांक, तारखा, रंगांचे संकेत ह्यांचे ज्ञान नष्ट झाले असते. आपापली गाडी कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात जोडली गेली हे ह्या हौशी माणसांना माहीत असते. साहित्याच्या प्राध्यापकाला आपल्या लाडक्या कादंबरीची पहिली आवृत्ती कोणत्या छापखान्यात, कुणी खिळे जुळवून छापली हे सांगता येईलच असे नाही. मान्य. किंबहुना म्हणूनच मला हा विषय आमच्यावरही उलटतो असे वाटते. प्रत कुणाची, पाठ कुणाचा, हे आम्ही विचारतो. जुळारी कोण होता हे विचारत नाही. पण आमच्या विसराळूपणाने त्यांचा विसराळूपणा रद्द होत नाही. ज्ञान टिकवल्याचा दावा करणाऱ्याने कोणते ज्ञान टिकवले हेही सांगायला हवे. स्क्रूवरच्या मूळ लेपाचा रंग टिकला आहे. तो स्क्रू पिळणाऱ्याची पाळी किती तासांची होती, हे पुस्तिकेत नाही.

आणि किमतीने भंगारापासून जे वाचवले त्याची मर्यादाही पाहावी. गाडी वाचली, कारखाना वाचला नाही. डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद पडला. १९८१ मध्ये तो पाडला गेला. जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यासाठी त्याला लागून असलेली पोलटाउन ही वस्तीही उठवली गेली, चार हजारांवर माणसे हलली, आणि मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ते संपादन वैध ठरवले. त्या जागेवरच्या कारखान्याचे नाव २०२० मध्ये 'फॅक्टरी झीरो' असे ठेवण्यात आले. २०२१ पासून तिथून विजेवर चालणारे ट्रक बाहेर पडू लागले.

डॉज मेनमधून त्या वर्षांत दोन प्रकारचे कागद बाहेर आले. एक तो तक्ता, आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला. गाडीसोबत तो असेल तर बोली चढते. दुसरी ड्रमची टंकलिखित पत्रके, कारखान्याच्या दारापाशी पाळी बदलताना वाटली जाणारी, लाइनच्या वेगाबद्दल, मुकादमांबद्दल, दुखापतींबद्दल. तीही दुर्मीळच आहेत. ज्या हातांत पडली त्यांतल्या बहुतेकांनी ती वाचून टाकून दिली असणार. त्या चळवळींचे कागद डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील वॉल्टर रॉयथर ग्रंथालयात ठेवलेले आहेत.